पुस्तकातलं ॲडव्हेंचर पार्टीला झेपत नसेल तर काय करायचं: डीएमसाठी सविस्तर

डी अँड डी किंवा पाथफाइंडर (टेबलाभोवती बसून, डाइस टाकून खेळायचे कथेचे खेळ) चालवायला घेतलेल्या, म्हणजे डीएम झालेल्या, प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच, की पुस्तक छापील आहे, नावाजलेलं आहे, वर "पहिल्या लेव्हलपासून" असं लिहिलंय, मग पहिल्याच सेशनला अर्धी पार्टी (खेळाडूंच्या कॅरेक्टरची टोळी) आडवी का झाली. मग वाटतं आपलंच काहीतरी वाचायचं राहिलं. बहुतेक वेळा तसं काही नसतं. आमच्याकडं सांगली-तासगाव भागात जत्रेला कुस्त्यांचं मैदान भरतं, तिथं जोड लावणारा माणूस पोराला समोर उभा करून जोखतो, वजन किती, तालीम कुठली, खुराक कसा दिसतोय, आणि मग त्याच्यासमोर कोण सोडायचा ते ठरवतो. पुस्तक लिहिणाऱ्यानं तुमची पोरं बघितलेलीच नाहीत, त्यानं लांबनं अंदाजानं जोड लावून पाठवलीय. मैदानात शेवटची नजर तुमचीच.

खाली 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्वर' आणि 'कर्स ऑफ स्ट्राड' या दोन्हींचे भरपूर स्पॉयलर आहेत. ही दोन खेळाडू म्हणून खेळायची असतील तर इथंच थांबा आणि लिंक तुमच्या डीएमला पाठवा.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना घोळ नको. मॉन्स्टरचे एचपी (तो किती मार सोसतो तो आकडा) कमी करणं हा शेवटचा उपाय आहे. लोक तिथंच पहिला हात घालतात. आधी खेळाडूंना माहिती द्या, मग पळायची वाट ठेवा, मग मॉन्स्टर डोकं असल्यासारखा चालवा, आणि एवढं करून भागलं नाही तर आकड्यांना हात लावा.

आधी पेन्सिल घेऊन हिशोब

ॲडव्हेंचर निदान एकदा शेवटापर्यंत वाचून काढा, आणि दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन फक्त माणूस कुठं मरू शकतो तेवढ्या खुणा करा. कथा, नावं, नकाशा सगळं बाजूला. कसं करायचं ते एका उदाहरणानं दाखवतो.

'लॉस्ट माइन'मधला पहिलाच प्रसंग घ्या. रस्त्यावर मेलेले घोडे पडलेत आणि झाडीत चार गॉब्लिन दबा धरून बसलेत. २०१४ च्या डीएम गाइडमधल्या कोष्टकाप्रमाणं पहिल्या लेव्हलच्या एका कॅरेक्टरची मर्यादा अशी: सोपं २५, मध्यम ५०, अवघड ७५, जीवघेणं १००. एका गॉब्लिनचे ५० एक्सपी (त्याला हरवल्याचे गुण), चारांचे २००, आणि तीन ते सहा शत्रू एकदम असले तर दुप्पट धरायचं म्हणजे झाले ४००. चार खेळाडूंची जीवघेणी मर्यादा पण बरोब्बर ४००. म्हणजे खेळ काय असतो हे अजून कळायचंय, आणि पहिलीच मारामारी पुस्तकाच्या स्वतःच्या मापानं जीवघेणी. पाच खेळाडू असले तर तीच "अवघड" मध्ये बसते. आणि आपल्याकडं जे होतं, की एकजण पुण्याला नोकरीला गेला, एकाची कुपवाड एमआयडीसीत सेकंड शिफ्ट, आणि टेबलावर उरले तीन, तर मर्यादा ३०० आणि समोर ४००. गंमत म्हणजे हे ॲडव्हेंचर ज्यात आहे ते स्टार्टर सेट आलं २०१४ च्या जुलैत, आणि हे कोष्टक ज्या छापील डीएम गाइडमध्ये आहे ते आलं डिसेंबरात.

(२०२४ च्या नव्या डीएम गाइडमध्ये हे दुप्पट-तिप्पट करणं काढून टाकलंय, तिथं नुसती बेरीज करून कमी-मध्यम-जास्त अशा तीन मर्यादांशी ताडून बघायचं. सोपं झालंय खरं, पण लहान लेव्हलला गर्दी किती मारक असते ते त्यात झाकलं जातं, म्हणून मी पहिल्या दोन लेव्हलला अजून जुनाच हिशोब घालतो.)

आता कोष्टक सोडा आणि एका कॅरेक्टरच्या अंगानं बघा, हे जास्त कामाचं आहे. पहिल्या लेव्हलचा विझर्ड (जादूगार), एचपी ८, एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १२. गॉब्लिनला हल्ल्यात +४, म्हणजे वीस बाजूंच्या डाइसवर ८ किंवा वर पडलं की लागलं, शंभरात पासष्ट वेळा. डॅमेज सरासरी साडेपाच. दोन बाण लागले की गडी खाली. पार्टी बेसावध असली तर गॉब्लिनांना एक फेरी फुकट मिळते आणि इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम ठरवणारा रोल) चांगली पडली तर लगेच दुसरी, मग विझर्डवाल्याच्या हातात डाइस यायच्या आत त्याचं काम झालेलं असू शकतं. ढालवाल्या फायटरचा एसी १८, त्याला तोच गॉब्लिन शंभरात फक्त पस्तीस वेळा लागतो. म्हणजे प्रसंग तोच, पण गॉब्लिनांनी कुणावर नेम धरला यावर सगळं ठरतं, आणि ते ठरवणारे तुम्ही.

पुढं गुहेत क्लार्ग नावाचा बगबेअर (गॉब्लिनांचा दांडगा भाऊबंद) आहे. मॉर्निंगस्टार लागला की सरासरी ११, आणि समोरचा बेसावध असला तर आणखी दोन डी-सहा (सहा बाजूंचे डाइस), मिळून १८. विझर्डचे ८ संपले, वर उरले १०. उरलेलं डॅमेज कमाल एचपीएवढं किंवा जास्त असलं की डेथ सेव्ह (मरणातनं वाचायचा रोल) वगैरे काही नाही, माणूस जागेवर मेला. असला प्रसंग दिसला की मी समासात मोठी फुली मारतो. फुली म्हणजे इथं पार्टी हरेल असं नाही, इथं एका रोलमध्ये एखाद्याची संध्याकाळ संपेल असं. दोन्ही वेगळी दुखणी आहेत आणि औषधंही वेगळी.

दुखणं नक्की कुठलं

"ॲडव्हेंचर लई अवघड आहे" हे वाक्य वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरलं जातं. एक म्हणजे नुसती गर्दी, वर गॉब्लिनांचं बघितलं तसं. दुसरं, एकच वार किंवा एकच सेव्ह (बचावाचा रोल) आणि खेळ खल्लास. तिसरं, दार उघडं असतं पण आत जायची वेळ झालेली नसते, जसं 'कर्स ऑफ स्ट्राड'मधली पवनचक्की. रस्त्याला लागूनच आहे, कुणीही आत शिरणार, आणि आत तीन नाइट हॅग (राक्षसी चेटकिणी). एकेकीचे १,८०० एक्सपी, तिघींची नुसती बेरीज ५,४००, आणि चौथ्या लेव्हलच्या चार जणांची जीवघेणी मर्यादा २,०००. दुप्पट करायची गरजसुद्धा नाही. चौथं, एकेक प्रसंग ठीक असतो पण मधे विश्रांतीच मिळत नाही आणि पार्टी झिजून मरते. आणि पाचवं, एका सुगाव्यावर सगळं अडलेलं असतं, तो रोल फसला की पुढं काही नाहीच.

शिवाय काही ॲडव्हेंचर मुद्दाम तशीच लिहिलेली असतात. गॅरी गायगॅक्सचं 'टूम ऑफ हॉरर्स' १९७५ साली ओरिजिन्स कन्व्हेन्शनच्या टूर्नामेंटसाठी तयार झालं आणि १९७८ मध्ये छापून आलं. त्यात भिंतीवर हिरव्या सैतानाचं आ वासलेलं तोंड आहे, त्यात जो शिरला तो नाहीसा झाला, सेव्ह नाही काही नाही. टूर्नामेंटमध्ये कोण किती आत पोचतो हेच बघायचं होतं म्हटल्यावर ते बरोबरच आहे. असलं ॲडव्हेंचर सोपं करत बसू नका, त्यातला जीवच जाईल. तयार कॅरेक्टर वाटा, एका रविवारी वन-शॉट (एकाच बैठकीत संपणारा खेळ) म्हणून खेळा, कोण कसा मेला त्याच्यावर हसा. मात्र दोन वर्षं जपलेली कॅरेक्टर घेऊन कुणाला तिथं नेऊ नका.

खेळाडूंशी बोला, आणि लवकर बोला

हे पाच मिनिटांचं काम आहे. सेशन झिरोला (खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत) सरळ विचारा की कॅरेक्टर मेलं तर चालेल का, किती सहज मेलं तर चालेल, आणि पळून जाणं तुम्हाला लाजिरवाणं वाटतं का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. व्हिडिओ गेम खेळून आलेल्या पोरांच्या डोक्यात असतं की समोर ठेवलंय म्हणजे जिंकता येणारच, आणि मग ती खिंड लढवत बसतात. "या जगात तुमच्यापेक्षा दांडगी माणसं आहेत आणि पुस्तक ती तुमच्या लेव्हलप्रमाणं समोर आणणार नाही" हे वाक्य एकदा स्पष्ट बोलून टाकलं की पुढचं निम्मं भांडण मिटतं.

संकट आधी दिसलं पाहिजे

इथं जरा वेळ घेतो कारण माझ्या मते खरी दुरुस्ती इथंच होते.

'लॉस्ट माइन'मध्ये थंडरट्री नावाचं उजाड गाव आहे आणि तिथल्या बुरुजात व्हेनमफँग हा तरुण हिरवा ड्रॅगन. एचपी १३६, एसी १८, विषारी श्वास तीस फुटी शंकूत, बारा डी-सहा, सरासरी ४२, सेव्ह केली तर निम्मं. पार्टी साधारण तिसऱ्या लेव्हलची. आपल्या विझर्डचे तेव्हा एचपी असतात २०. सेव्ह फसली तर ४२ म्हणजे पुन्हा तेच, वर उरलेले २२ कमाल एचपीपेक्षा जास्त, जागेवर मेला. सेव्ह झाली तरी २१, म्हणजे बेशुद्ध. कागदावर हा प्रसंग भयानक आहे. तरीही मी यातला एकही आकडा बदलत नाही.

पुस्तकात गावात रेडॉथ नावाचा ड्रुइड आहे, तो ड्रॅगनबद्दल सांगतो. पण पार्टी ड्रुइडकडं गेलीच नाही तर? किंवा गेली आणि मी तो चौकटीतला इंग्रजी मजकूर धडा वाचल्यासारखा सलग वाचला आणि तेवढ्यात कुणीतरी भडंगाची पिशवी फोडली तर? चौकटीतला मजकूर वाचून दाखवूच नका. आधी स्वतः वाचा, मग आपल्या भाषेत सांगा, आणि धोक्याची गोष्ट पहिल्या वाक्यात आणा, तिसऱ्या परिच्छेदात नको. आणि एकाच माणसाच्या तोंडी ठेवू नका. महत्त्वाचा धोका निदान तीन ठिकाणी, तीन वेगळ्या तऱ्हेनं दिसला पाहिजे: कुणीतरी सांगितलेला, डोळ्यानं दिसणारा, आणि जरा त्रास देऊन जाणारा.

विश्रामबागेतल्या एका मित्राच्या फ्लॅटवर आम्ही खेळतो, पंखा बंद ठेवून, कारण मिनिएचर कागदाची आहेत, उडतात. थंडरट्रीच्या वेळी मी बुरुजाच्या दारापासून पुढं नकाशावर पिवळ्या खडूनं गवत करपल्याचा पट्टा रंगवला, दाराशी अरुंद आणि पुढं पसरत गेलेला. त्यात एक मेलेली गाय ठेवली, अंगावर दाताची खूण नाही, कातडी जशीच्या तशी. गाय आणि गवत पुस्तकात नाही, माझी भर. कुणीच काही बोललं नाही, मग विझर्डवाला वाकला आणि बोटानं चौकोन मोजायला लागला. "सहा हाईत लका. सहा पंचे तीस फूट." रोग (rogue, चोर) चालवणारा लगेच मागं सरकला. मग पुढची वीस मिनिटं चर्चा झाली की एका रांगेत उभं राहायचं नाही, दोघांनी मागनं जायचं, आणि मुळात लढायचं कशाला, बोलून बघू. ड्रॅगन तोच, १३६ चाच, श्वास तोच. पण आता तो आधी बघितलेला ड्रॅगन होता. त्या दिवशी शेवटी पार्टीनं त्याला गावात घुसलेल्या कल्टवाल्यांची खबर दिली आणि त्या बदल्यात जिवंत बाहेर पडली, आणि "आम्ही ड्रॅगनला गंडवला" हे अजून ऐकवतात.

अशी खूण पेरताना एवढं बघा, की तिच्यातनं काहीतरी मोजता आलं पाहिजे. नुसतं "तुम्हाला भीती वाटते" म्हणून उपयोग नाही, त्यानं खेळाडू काय करणार. किती लांब, कुठल्या दिशेनं, कशाला घाबरतो, कधी झोपतो, यातलं एक तरी हाताला लागलं पाहिजे. पवनचक्कीच्या हॅगचंही तसंच. त्या पाय (pie, सारण भरलेले गोड पदार्थ) विकतात, त्यातली एक गावात दारोदार फिरते. ती पार्टीला आधी गावात भेटू दे, तिच्या अंगात किती बळ आहे ते कुणालातरी मनगट धरून कळू दे, तेवढ्यानं चक्कीचं दार बघायची नजर बदलते.

पळायची वाट

डी अँड डीच्या पाचव्या एडिशनमध्ये नियमाप्रमाणं पळणं म्हणजे जवळजवळ आत्महत्या आहे हे लक्षात घ्या. बहुतेकांचा वेग तीस फूट, गॉब्लिनांचाही तीस, पाठ फिरवली की एक फुकट वार, आणि पुढच्या टर्नला तो परत शेजारी उभा. मग खेळाडू म्हणतात पळून मरण्यापेक्षा लढून मरू, आणि त्यांचं चुकत नाही.

मी असं करतो: कुणीतरी "चला पळू" म्हटलं आणि टेबलावरच्या निम्म्याहून जास्त जणांनी मान हलवली, की इनिशिएटिव्ह तिथंच बंद. नकाशा गुंडाळायचा. प्रत्येकानं सांगायचं आपण कसं निसटतोय, एक चेक (डाइसचा रोल), आणि त्याला एक किंमत. फसला तर एक वार खाऊन निसटलास, किंवा काहीतरी टाकून आलास, किंवा बाकीच्यांपासून तुटून भलतीकडं गेलास. पण निसटणार हे नक्की. बेशुद्ध पडलेल्याला उचलून न्यायचा असेल तर उचलणाऱ्याला दुप्पट किंमत. १९८१ च्या बेसिक डी अँड डीत मागं लागलेल्या जनावरापुढं खाणं टाकलं किंवा डोकं असलेल्या शत्रूपुढं सोनं टाकलं तर तो थांबू शकतो असा नियम होता, तो मी तसाच उचललाय. सोन्याची थैली फेकताना खेळाडूचं तोंड बघण्यासारखं असतं.

ही रीत पहिल्या सेशनच्या आधीच सांगा. मरायला टेकल्यावर सांगितली की मेहरबानी केल्यासारखी वाटते.

मॉन्स्टरला काय पाहिजे

पुस्तकात "मरेपर्यंत लढतात" असं लिहिलेलं दिसलं की मी आधी ते खोडतो. गॉब्लिनाला मरायचं नसतं, त्याला गाडी लुटायचीय. पुस्तकालाही हे कधीकधी कळलेलं असतं आणि आपण वाचताना पुढं जातो. त्या पहिल्याच प्रसंगात लिहिलंय की पार्टी हरलीच तर गॉब्लिन त्यांना बेशुद्ध सोडून, माल लुटून गुहेकडं जातात. म्हणजे हरण्याचा अर्थ मरणं नव्हे हे लेखकानंच सांगून ठेवलंय! व्हेनमफँगसुद्धा निम्मे एचपी गेले की उडून जातो. म्हणजे खरं तर १३६ नाही, ६८ पाडायचेत. गुहेतला यीमिक नावाचा गॉब्लिन तर क्लार्गला मारा म्हणून पार्टीशीच सौदा करायला बसलाय, क्लार्गला थेट भिडायच्या आधी त्याची गाठ पडू द्या.

त्याच १९८१ च्या बेसिक नियमांतलं मोराल (शत्रूचा धीर) वापरून बघा, फार काही करावं लागत नाही. मॉन्स्टरला २ ते १२ मधला एक आकडा. त्यांच्यातला पहिला पडला की एकदा आणि निम्मे पडले की परत, दोन डी-सहा टाकायचे. आकड्यापेक्षा जास्त आलं की ते मागं फिरतात किंवा शरण येतात. गॉब्लिनचं मोराल ७, म्हणजे प्रत्येक वेळी शंभरात बेचाळीसेक वेळा ते फुटणार. सरदार शेजारी उभा असला तर ९. आता खेळाडूंना सरदार आधी पाडायचं कारण मिळालं. एक आकडा न बदलता मारामारी निम्म्या वेळात संपते, आणि पकडलेल्या गॉब्लिनाकडनं पुढची माहितीही मिळते.

नेम कुणावर धरायचा हेही इथंच येतं. जनावर असेल तर सगळ्यात जवळच्यावर जाईल. मूर्ख असेल तर शेवटी ज्यानं मारलं त्याच्यावर. हुशार असेल तर विझर्डवर, पण मग तो हुशार आहे हे आधी दिसलेलं पाहिजे.

आता आकडे

एवढं करून हिशोब बसत नसेल तर आकडे बदला, पण खेळ सुरू व्हायच्या आधी, घरी बसून. मी ज्या क्रमानं हात लावतो तो सांगतो.

पहिल्यांदा शत्रूंची संख्या, किंवा ते एकदम न आणता टप्प्यानं आणणं. ज्या बाजूला हात जास्त ती बाजू जिंकते, बाकी सगळं नंतर. तीन खेळाडूंसमोर चार गॉब्लिन ४०० होत होते. दोन आणले तर १०० गुणिले दीड, १५०, आणि तीन जणांची मध्यम मर्यादा पण १५०च. उरलेले दोन तिसऱ्या फेरीत झाडीतनं आणा, मधे मोराल फसलं तर ते येणारच नाहीत. गॉब्लिन तेवढेच, पण एका दमात सगळे अंगावर नाहीत.

मग पार्टीची बाजू भक्कम करा, हे लोक विसरतात. दुसऱ्या लेव्हलनं सुरू करा, विझर्ड ८ चा १४ होतो, क्लार्गच्या १८ मध्ये बेशुद्ध होतो पण मरत नाही. प्रत्येकाला एक हीलिंग पोशन द्या, ५० सोन्याची असते आणि दोन डी-चार अधिक २ परत देते. तीनच खेळाडू असतील तर सोबतीला एक एनपीसी (कुणा खेळाडूचं नसलेलं पात्र) द्या, पण तो खेळाडूंनी चालवायचा, तुम्ही नाही, आणि त्यानं नुसतं मदत, मलमपट्टी आणि कंदील धरणं एवढंच करायचं.

मग डॅमेज. पहिल्या दोन लेव्हलला डाइस न टाकता कंसातली सरासरी वापरा, वरची टोकं छाटली जातात. एचपी सगळ्यात शेवटी, कारण एचपी कमी केले की फक्त मारामारी लवकर संपते, त्या पहिल्या फेरीत विझर्ड मरायचा तो मरतोच.

पाथफाइंडर दुसरी एडिशन चालवणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला पाहिजे कारण तिथला हिशोब जास्त काटेकोर आहे आणि म्हणून जास्त चावतो. चार जणांसाठी मध्यम ८० एक्सपी, सिव्हिअर (अवघड) १२०, एक्स्ट्रीम (जीवघेणं) १६०. एक खेळाडू कमी झाला की एक्स्ट्रीममधनं ४० वजा, म्हणजे तीन जणांची एक्स्ट्रीम मर्यादा १२०. थोडक्यात पुस्तकातली "सिव्हिअर" मारामारी तीन जणांना जशीच्या तशी दिली तर ती एक्स्ट्रीम झाली. वरनं तिथं एसीपेक्षा दहानं जास्त आलं की क्रिटिकल, त्यामुळं पार्टीपेक्षा तीन लेव्हल वरचा एकटा मॉन्स्टर पहिल्या लेव्हलला नुसता कत्तल करतो. त्याच्यासाठी नियमातच वीक नावाची सूट आहे: हल्ला, एसी, सेव्ह, डीसी (रोलनं गाठायचा आकडा) सगळ्यात २ वजा, डॅमेजमध्ये २ वजा, आणि लेव्हलप्रमाणं एचपी कमी, पहिल्या-दुसऱ्या लेव्हलच्या मॉन्स्टरला १०. तेवढं डोळे झाकून लावा, किंवा एका मोठ्याच्या जागी दोन लहान घ्या.

सुगावा अडला तर

कॉल ऑफ कथुलूसारख्या तपासाच्या खेळात मॉन्स्टर नाही, लायब्ररी अवघड असते. लायब्ररी यूज (ग्रंथालयात शोधायच्या कौशल्याचा रोल) फसलं, पत्र सापडलं नाही, आता चौघं टेबलावर एकमेकांची तोंडं बघत बसलेत. ज्याच्याशिवाय पुढं जाताच येत नाही तो सुगावा रोलवर ठेवायचाच नाही. शोधलं की सापडला. रोल कशासाठी, तर किती वेळ गेला, कुणाच्या नजरेत आलात, की सोबत आणखी काही हाती लागलं, यासाठी. आणि एका निष्कर्षाला निदान तीन सुगावे पेरा, एक हुकणारच, दुसऱ्याचा उलटा अर्थ लावणार, तिसरा लागतो.

कोडी असतील तर ती घरी कुणालातरी घालून बघा. इंग्रजी शब्दांच्या खेळावर बेतलेलं कोडं असलं तर सरळ काढून टाका आणि त्या जागी वस्तू हलवायचं, वजन करायचं, पाणी सोडायचं असलं काहीतरी ठेवा. हाताला काम मिळालं की पोरं लगेच पुढं सरसावतात.

मधेच हाताबाहेर गेलं तर

समजा सगळी तयारी करूनही तिसऱ्या फेरीत दोघं खाली पडले. आता काय करू नये ते आधी: पडद्यामागं डाइस बदलू नका. एकदा जमतं, दोनदा जमतं, मग टेबलाला वास येतो आणि त्यानंतरच्या खऱ्या यशाचीही किंमत जाते. मी तर मारामारीत पडदाच ठेवत नाही.

त्याऐवजी शत्रूला सौदा करायला लावा. गुडघ्यावर बसा, हत्यारं टाका, एकाला ओलीस द्या. पाचव्या एडिशनमध्ये जवळच्या हत्यारानं शून्यावर आणताना ठार न मारता बेशुद्ध करायचं ठरवता येतं, ते शत्रूंनाही लागू धरा, पकडलेला माणूस पैसे मिळवून देतो, मेलेला नाही. आणि यातलंही काही बसत नसेल तर सरळ खेळ थांबवून बोला, "हा प्रसंग चार जणांसाठी आहे, तुम्ही तीन आहात, मी दोन गॉब्लिन कमी करतोय, चालेल का?" उघड सांगून कमी केलं तर कुणाचाच राग येत नाही.

काही ॲडव्हेंचरमध्ये हरण्यासाठीच लिहिलेली मारामारी असते. 'होर्ड ऑफ द ड्रॅगन क्वीन'च्या सुरुवातीलाच ५७ एचपीचा अर्धा ड्रॅगन पार्टीतल्या एकाला द्वंद्वाला बोलावतो. तिथं आधीच सूचना द्या, "हा तुझ्यापेक्षा कैक पटीनं भारी दिसतोय, गावातली माणसं सुटायला पाहिजेत एवढंच बघायचंय." मग तो खेळाडू जिंकायला जात नाही, वेळ काढायला जातो, आणि तीन फेऱ्या टिकला तरी टेबल टाळ्या वाजवतं.

सगळे मेले

होतं असं. त्याच संध्याकाळी पुढचं ठरवू नका, चहा घ्या, घरी जा, दोन दिवसांनी ग्रुपवर विचारा. पर्याय बरेच आहेत. कैदेत जाग आली, सामान गेलं, असं धरून पुढं चालू. किंवा नवी पार्टी, जुन्यांना शोधायला निघालेली, जुन्यांचं सामान शत्रूच्या अंगावर दिसतंय. हे मला सगळ्यात आवडतं, कारण क्लार्गच्या कमरेला आपल्याच मेलेल्या क्लेरिकचा पट्टा बघितल्यावर नव्या पार्टीला वेगळं कारण द्यावं लागत नाही. लेव्हल एकनं वाढवून द्या, पहिल्या पार्टीला जेवढं कळलं होतं ते सगळं यांना माहीत आहे असं धरा, आणि ज्या खोलीत टीपीके (सगळी पार्टी मरणं) झाला तिथं लढाईच्या खुणा तशाच ठेवा, फुटलेलं दार, वाळलेलं रक्त, भिंतीत रुतलेला बाण. पहिल्या पार्टीनं मारलेले गॉब्लिन परत जिवंत करू नका, ते मेलेलेच राहू देत. दोन मेले असतील तर आता दोनच उरलेत, आणि नव्या पार्टीसाठी तेवढे पुरेत.